औषध थांबवायची तारीख

‘व्हेंटिलेटरवर ठेवलं म्हणजे आशा सोडायची’ असं आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर बसलेली माणसं एकमेकांना सांगत असतात. प्रत्यक्षात दर वर्षी हजारो रुग्ण व्हेंटिलेटरवरून सुटून आपल्या पायांनी घरी जातात. तरीही या भीतीला थोडा आधार आहे. श्वासनलिकेत नळी घातल्यावर, ४८ तास उलटून गेले की फुप्फुसात नवाच जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. डॉक्टर त्याला व्हीएपी, म्हणजे व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया, म्हणतात. मूळ आजार हटत असताना हा दुसरा आजार रुग्णालयातच जडतो. त्यावर कधी आणि किती औषध द्यायचं याबद्दल खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांचं आणि प्रयोगशाळेत बसलेल्या डॉक्टरांचं अनेकदा पटत नाही.

हा मतभेद वाचकांना नीट कळावा म्हणून मी दोघांना समोरासमोर बसवलं आहे. माणसं कल्पित आहेत, रुग्णही कल्पित आहे; वाद मात्र खरा आहे. एक जण जिल्ह्याच्या गावातल्या आयसीयूचा तरुण डॉक्टर. दुसऱ्या, त्याला एमबीबीएसला मायक्रोबायॉलॉजी शिकवलेल्या मॅडम. रुग्ण म्हणजे ऐन तिशीतला शेतकरी. पावसाळ्यात घरात जमिनीवर झोपला असताना त्याला मण्यार चावली. मण्यारीचा दंश कित्येकदा जाणवतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, मग गिळता येईनासं होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू काम सोडतात. प्रतिविष दिलं तरी मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा भरून यायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस श्वास मशीनने द्यावा लागतो. असा रुग्ण मी मुद्दाम घेतला. दम्याचा किंवा सिगारेटचा इतिहास नसलेली धडधाकट फुप्फुसं घेऊन तो आला होता. आज पाचवा दिवस.

डॉक्टर : मॅडम, काल संध्याकाळपासून ताप आहे. सक्शनमध्ये पिवळा, घट्ट बेडका येतोय. ऑक्सिजन ४० टक्क्यांवर भागत होता, सकाळी ६० करावा लागला. एक्स-रेत उजवीकडे खाली डाग दिसतोय. मी मेरोपेनेम आणि कोलिस्टिन लिहितोय.

मॅडम : नळीतला नमुना पाठवलास?

डॉक्टर : पाठवतो ना. पहिला डोस जाऊ दे, मग.

मॅडम : डोस गेल्यावर पाठवलेल्या नमुन्यात काही उगवलं नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा? जंतू नव्हतेच, की औषधाने दबले? तो प्रश्न मग कुणालाच सोडवता येत नाही. नमुना घ्यायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्याने त्याचं काही बिघडत नाही.

डॉक्टर : ते मान्य. सिस्टरना सांगतो, नमुना आधी, डोस नंतर. पण रिपोर्टची वाट बघत मी बसणार नाही. २००२ मध्ये सेंट लुईसच्या डॉक्टरांनी १०७ रुग्णांची पाहणी छापली होती. ज्यांना योग्य औषध मिळायला २४ तास किंवा जास्त उशीर झाला, त्यांच्यातले जवळपास ७० टक्के गेले. ज्यांना वेळेवर मिळालं, त्यांच्यात हे प्रमाण २८ टक्के होतं. हे आकडे डोक्यात असले की रात्री दोन वाजता हात आखडत नाही.

मॅडम : त्या पाहणीत न्यूमोनिया आहे हे धरूनच मोजणी सुरू होते. तुझ्यापुढचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. याला न्यूमोनिया झालाय का? झोपलेल्या माणसाचा पोर्टेबल मशीनवर काढलेला एक्स-रे तुला काय सांगतो? बेडक्याचा गठ्ठा अडकून फुप्फुसाचा भाग मिटला तरी तसाच डाग दिसतो. सलाइन जास्त झालं तरी दिसतो. आणि ज्या रात्री याला गिळता येत नव्हतं, त्या रात्री लाळ किंवा उलटी आत गेली असेल, तर त्याचा दाहही असाच दिसतो.

डॉक्टर : ताप? बेडका?

मॅडम : तापाला आयसीयूत दहा कारणं असतात. आणि पाच दिवस नळी असलेल्या कुणाच्याही नळीतून काहीतरी निघतंच. लक्षणांना गुण देऊन बेरीज करायची पद्धत १९९१ मध्ये निघाली, तीही या बाबतीत पुरी पडली नाही. अमेरिकेच्या सीडीसीने २०१३ मध्ये मोजणीची व्याख्याच बदलली, कारण एकाच रुग्णाला दोन डॉक्टर दोन निदानं देत होते.

इथे दोघांना थोडं थांबवून एक सांगावंसं वाटतं. ‘आमच्या आयसीयूत व्हीएपी शून्य’ अशी पाटी काही ठिकाणी अभिमानाने लावलेली असते. ज्या आजाराची व्याख्या इतकी सैल आहे, त्याचा शून्य आकडा मिळवायला आजार कमीच व्हायला हवा असं नाही. मोजणारा कडक झाला तरी आकडा खाली येतो. अशा पाटीपेक्षा तिथले रुग्ण सरासरी किती दिवसांत मशीनवरून सुटतात आणि किती अँटिबायोटिक वापरलं जातं, हे विचारलेलं बरं.

डॉक्टर : मग काय करायचं म्हणता? दुर्बिणीने आत जाऊन फुप्फुस धुऊन नमुना घ्यायचा? इथे ब्राँकोस्कोप नाही. रविवारी तर तंत्रज्ञही नसतो.

मॅडम : नको. २००६ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या आयसीयूंनी ७४० रुग्णांवर तीच तुलना केली. दुर्बिणीने घेतलेला नमुना आणि साध्या नळीतून ओढलेला नमुना, दोन्हींत मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही. युरोपातले डॉक्टर अजून खोलवरचा नमुना पसंत करतात, त्यांचीही कारणं आहेत. आपल्याला साधा चालेल, पण तो नीट घ्यायचा आणि लगेच लॅबला पोचवायचा. फ्रिजवर तीन तास पडलेली डबी मला नको.

डॉक्टर : आणि तुमचा रिपोर्ट आला ‘अ‍ॅसिनेटोबॅक्टर, सगळ्याला रेझिस्टंट’, तर? आमच्याकडे तोच येतो.

मॅडम : येतो, कारण तो नळीत घर करतो. उगवला म्हणजे आजार केला असं नाही. म्हणून मी आधी स्लाइड बघते. पांढऱ्या पेशी भरपूर आणि जंतूंची संख्या मोठी, ओढलेल्या नमुन्यात मिलिलिटरला लाखाच्या घरात, तर मी मानते. पेशी नाहीत, जंतू तुरळक, तर तो नुसता बसलेला आहे. नळीतल्या जंतूला तू औषध देत बसलास, तर नळी काढेपर्यंत देत बसशील.

डॉक्टर : मॅडम, तुम्ही लॅबमधून बोलताय. खाटेजवळ उभं राहिलात तर तुम्हीही मेरोपेनेमच लिहाल.

मॅडम : कदाचित लिहीन. म्हणून विचारते, बीपी कसं आहे?

डॉक्टर : ठीक आहे. औषधाविना १२४ वर ७८. लघवीही होते आहे.

मॅडम : मग तुझ्याकडे वेळ आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या सर्जिकल आयसीयूने एक वर्ष संशय आला की लगेच औषध दिलं. पुढच्या वर्षी, बीपी स्थिर असेल तर संसर्गाचा पुरावा हाती येईपर्यंत थांबले. थांबलेल्या वर्षी मृत्यू कमी झाले. २०१२ मध्ये ते छापून आलं.

डॉक्टर : एका वॉर्डाची आधी-नंतरची तुलना ती. दोन वर्षांत बाकीही बरंच बदललं असेल.

मॅडम : बरोबर. तुझी सेंट लुईसची पाहणीसुद्धा त्याच जातीची आहे. म्हणून मी तुला थांबच असं म्हणत नाही. ऑक्सिजन चाळीसवरून साठवर गेलाय हे मी हलकं मानत नाही. सुरू कर. पण कोलिस्टिन कशाला?

डॉक्टर : आयसीएमआरचे अहवाल काय सांगतात? अ‍ॅसिनेटोबॅक्टर दहांत आठ-नऊ वेळा मेरोपेनेमला दाद देत नाही. मग नुसतं मेरोपेनेम देऊन मी कुणाला फसवतोय?

मॅडम : ते अहवाल मोठमोठ्या रुग्णालयांचे आहेत, आणि तिथल्याही ज्या रुग्णांत अ‍ॅसिनेटोबॅक्टर सापडला त्यांचे. हा माणूस याआधी कधी रुग्णालयात राहिलेला नाही, याने गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नाही. याच्या फुप्फुसात क्लेबसिएला असेल, साधा स्टॅफ असेल, याच्या स्वतःच्या तोंडातले जंतूही असतील. तुझ्या स्वतःच्या आयसीयूत गेल्या वर्षभरात नळीतून काय उगवलं आणि ते कशाला दाद देतं, याचा तक्ता मी दर सहा महिन्यांनी पाठवते. तो तुझ्या टेबलावर आहे का?

डॉक्टर : व्हॉट्सअ‍ॅपवर असेल.

मॅडम : छापून खाटांमधल्या भिंतीवर लाव. कोलिस्टिन किडनीला घातक आहे, शिरेतून दिलं तर फुप्फुसात पुरेसं पोचतही नाही. अमेरिकेच्या सीएलएसआय या प्रयोगशाळांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २०२० पासून या जंतूंच्या रिपोर्टमध्ये कोलिस्टिनला ‘सेन्सिटिव्ह’ असा वर्गच ठेवलेला नाही. मध्यम किंवा रेझिस्टंट, एवढंच. २०१९ मध्ये आपल्या सरकारने कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात ते वापरायला बंदी घातली, ती माणसांसाठी शिल्लक राहावं म्हणून. ते तू संशयावर संपवू नकोस.

डॉक्टर : बीपी घसरलं तर मी देणार, तुम्हाला न विचारता.

मॅडम : बीपी घसरलं तर मला न विचारताच द्यायचं. शॉकमध्ये असलेल्या माणसाला मी रिपोर्टची वाट बघायला सांगणार नाही.

या एका मुद्द्यावर दोघांचं पटलं, आणि मला वाटतं तेच योग्य आहे. रुग्ण कोसळत असेल तर जोरदार औषध तासाभरात गेलं पाहिजे. स्थिर असेल तर नमुना, स्लाइड आणि आपल्या आयसीयूचा तक्ता बघून एक औषध. खरा पेच पुढे येतो. सुरू केलेलं औषध थांबवायचं कुणी आणि कधी? आपल्याकडे सुरू करायला एक सही पुरते. थांबवायला कुणी पुढे येत नाही. रविवारच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला वाटतं, सोमवारी मोठे सर बघतील. सोमवारी सरांना वाटतं, चाललंय ते चालू दे. नातेवाइकांच्या बिलात रोज एक ओळ वाढत जाते.

डॉक्टर : चौदा दिवस तरी देतो मी. आम्हाला तसंच शिकवलंय.

मॅडम : मीच शिकवलं असेल. पण २००३ मध्ये फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंनी ४०१ रुग्णांवर आठ दिवस आणि पंधरा दिवस यांची तुलना केली. मृत्यू सारखेच. आणि ज्यांना पुन्हा संसर्ग झाला, त्यांच्यात आठ दिवसवाल्यांत दाद न देणारे जंतू कमी निघाले.

डॉक्टर : त्याच अभ्यासात स्युडोमोनास आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या गटात आठ दिवसवाल्यांना आजार जास्त वेळा उलटला. ४० टक्के, आणि पंधरा दिवसवाल्यांत २५. आणि आपल्याकडे तेच जंतू आहेत.

मॅडम : ते खरं आहे, आणि त्याच कारणाने पुष्कळ डॉक्टर अजून घाबरतात. म्हणून २०२४ चा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. तो नेपाळ, थायलंड आणि सिंगापूरमध्ये झाला, म्हणजे आपल्यासारख्याच जंतूंमध्ये. ताप ४८ तास उतरलेला आणि बीपी स्थिर, असं झालं की सात दिवसांच्या आत औषध बंद. दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे जास्त दिवस. थोडे दिवस घेतलेले कुठे मागे पडले नाहीत. अमेरिकेची २०१६ ची मार्गदर्शक सूचनाही सातच दिवस सांगते.

डॉक्टर : आणि सातव्या दिवशी एक्स-रे साफ नसेल तर?

मॅडम : एक्स-रे साफ व्हायला आठवडे लागतात. आपण डागावर औषध चालवत नाही. ताप, ऑक्सिजन, बीपी, एवढं बघ. आणि तिसऱ्या दिवशी माझा रिपोर्ट आला की पुन्हा एकदा विचार कर. काही उगवलं नाही आणि नमुना घेण्याआधी औषध सुरू केलेलं किंवा बदललेलं नव्हतं, तर न्यूमोनिया असण्याची शक्यता फार कमी. बंद कर.

डॉक्टर : लिहून ठेवू?

मॅडम : आजच. ज्या कागदावर औषध सुरू केलंस त्याच कागदावर. तिसऱ्या दिवसाची तारीख फेरविचाराची, सातव्या दिवसाची थांबायची. पुढे न्यायचं असेल तर ज्याने न्यायचं त्याने कारण लिहावं.

माझं मत इथे मॅडमच्या बाजूचं आहे. सुरू करण्याचा निर्णय खाटेजवळच्या माणसाचा असावा आणि त्याबद्दल त्याला दोष देऊ नये. पण थांबायची तारीख सुरू करतानाच लिहिली गेली पाहिजे. ती नंतर लिहू म्हटलं की लिहिली जात नाही.

मात्र एका गोष्टीत डॉक्टरने मॅडमना मागे टाकलं.

डॉक्टर : मॅडम, आपण अर्धा तास औषधावर बोललो. हा न्यूमोनिया झाला कसा, यावर कुणीच बोललं नाही.

मॅडम : बोल.

डॉक्टर : श्वासनलिकेत नळीभोवती फुगा असतो, वरचं खाली जाऊ नये म्हणून. शेताच्या बांधावर पाणी तुंबावं तशी लाळ आणि घशातला स्राव त्या फुग्यावर साचतो, आणि फुग्याच्या बारीक सुरकुत्यांमधून थेंबाथेंबाने खाली झिरपतो. १९६९ मध्येच जोहानसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की गंभीर आजारी माणसाच्या घशातले जंतू काही दिवसांत बदलतात, रुग्णालयातले ग्रॅम-निगेटिव्ह जंतू तिथे येऊन बसतात. तेच खाली उतरतात. नळीच्या आतून त्यांचा चिकट थर धरतो. खोकला बंद, त्यामुळे बाहेर काही येत नाही.

मॅडम : मग तुझ्या फुग्याचा दाब किती होता?

डॉक्टर : तेच सांगतोय. २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या मध्ये हवा. आमच्याकडे बोटाने दाबून बघतात. दाब मोजायचं यंत्र आहे, कपाटात. काल मी ते काढलं. चार रुग्णांपैकी दोघांचा दाब कमी निघाला.

मॅडम : आणि डोकं?

डॉक्टर : कागदावर ३० अंश. प्रत्यक्षात खाटेचा हँडल तुटलाय, उशी ठेवतात. उशीने मान वाकते, धड आडवंच राहतं. १९९९ मध्ये बार्सिलोनात ४५ अंश उंच ठेवलेल्या रुग्णांत न्यूमोनियाचा संशय ८ टक्के, आडव्या झोपवलेल्यांत ३४. नंतरच्या अभ्यासात ४५ कुणालाच दिवसभर टिकवता आलं नाही हे खरं, पण ३० तर जमेल? हँडल दुरुस्तीची मागणी मी तीनदा दिली. कोलिस्टिन एका फोनवर येतं.

मॅडम : तोंडाची स्वच्छता?

डॉक्टर : क्लोरहेक्सिडीन, प्रत्येक शिफ्टला.

मॅडम : ते बंद कर. २०२२ च्या अमेरिकन सूचनांनी ते नको म्हटलंय. मृत्यू वाढत असावेत असा संशय काही विश्लेषणांत आला. साधा ब्रश घ्या. पंधरा चाचण्या एकत्र करून २०२३ च्या अखेरीस एक विश्लेषण छापलं गेलं. ब्रशने दात घासलेल्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत न्यूमोनिया कमी झाला, आयसीयूतले मृत्यूही कमी झाले.

डॉक्टर : ब्रश स्वस्त आहे, सिस्टर स्वस्त नाही. एका सिस्टरकडे रात्री चार व्हेंटिलेटर असतात. दात घासायचे, फुगा तपासायचा, कूस बदलायची, सक्शनआधी हात धुवायचे, ग्लोव्ह्ज बदलायचे. तुमचे बरेचसे अभ्यास आपल्यापेक्षा जास्त सिस्टर असलेल्या देशांत झालेत. मला आणखी एक सिस्टर द्या, मी तुमचं निम्मं कोलिस्टिन परत करतो.

मॅडम : हे तू अधीक्षकांच्या बैठकीत बोल. मी तुझ्या शेजारी बसेन.

डॉक्टर : आणि नळी. रोज सकाळी एक प्रश्न, आज निघेल का? शिकागोत २००० मध्ये गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवून बघितलं, तर मशीनवरचे दिवस सातवरून पाचवर आले. आमच्याकडे रात्रीच्या ड्यूटीला शांतता हवी म्हणून गुंगी वाढवली जाते, हे मी नाकारत नाही.

मॅडम : याला गुंगी किती आहे? मण्यारीचा रुग्ण शुद्धीत असतो.

डॉक्टर : हलकी. पापणी हलत नाही, बाहुल्याही विस्फारलेल्या, पण ऐकू सगळं येतं. त्याच्या खाटेजवळ ‘वाचेल का’ असं कुणी बोलायचं नाही, हे मी सगळ्यांना बजावलंय. आज सकाळी त्याने पायाचं बोट हलवलं. मान उचलता आली, छातीत ताकद आली की मी नळी काढणार.

मॅडम : ते या न्यूमोनियावरचं सगळ्यात चांगलं औषध आहे.

मण्यारीच्या रुग्णाचा मेंदू मेला असं लोक समजतात, म्हणून डॉक्टरने पापण्या आणि बाहुल्यांबद्दल सांगितलेला मुद्दा नीट लक्षात ठेवावा. विषामुळे डोळ्यांनी काहीच प्रतिसाद दिला नाही तरी मेंदू शाबूत असू शकतो, आणि अशी माणसं पूर्ण बरी होतात. अशा रुग्णाचं मशीन घाईने बंद करण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

आपला माणूस व्हेंटिलेटरवर असेल तर डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारायला संकोच करू नका. नळी काढण्याचा प्रयत्न आज होणार आहे का? खाटेचं डोकं वर आहे का? दात घासले का? कल्चर कधी पाठवलं, त्याचं उत्तर काय आलं? आणि अँटिबायोटिक सुरू असेल, तर ते कोणत्या तारखेला थांबणार आहे? भेटायला आत जाताना हात धुऊन जा. जाताना एकदा सिस्टरना विचारा, आज तुमच्याकडे किती रुग्ण आहेत? उत्तर चार किंवा पाच असेल, तर तक्रार त्यांच्यावर करू नका. रुग्णालय चालवणाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, आणि त्यात आणखी एक सिस्टर मागा.